जुन्या लोकल स्टेशनसारखी ‘परळ’ची पाटी करायची तर

तुझा प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस डोक्यात तेच चाललंय, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी प्रश्न सांगतो. ह्याचे आजोबा खानापूर तालुक्यातनं परळला गिरणीत कामाला गेले, १९८२ च्या संपानंतर गावी परत आले. आता नातू बेळगावात टिळकवाडीत नाश्त्याचं हॉटेल काढतोय आणि आतल्या भिंतीवर आजोबांच्या आठवणीला जुन्या लोकल स्टेशनसारखी ‘परळ’ची पिवळी पाटी लावायची आहे. एका ठिकाणी कॉम्प्युटरवर डिझाइन करून घेतलं, तर आजोबा बघून म्हणाले, “ही आमच्या ठेसनाची न्हवं.” आणि तू विचारतोयस की काका, तो जुना रेल्वेचा फॉन्ट कुठला आणि कुठं मिळेल.

आजोबांचं बरोबर आहे. आणि फॉन्ट मिळणार नाही, कारण त्या पाट्या फॉन्टनं केलेल्याच नव्हत्या. पेंटरनं हातानं मापं टाकून, खडूनं आखून, ब्रशनं भरलेली अक्षरं होती ती. त्यामुळं एकाच स्टेशनच्या दोन टोकांच्या दोन पाट्यांत सुद्धा ‘र’ थोडा वेगळा असायचा. तू फॉन्ट शोधत बसलास तर वर्ष जाईल. आजोबांना जी ओळख पटत नाहीये ती अक्षराच्या आकारापेक्षा अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत आहे, आणि ती जागा हातानंच बसवावी लागते. हेच मला सांगायचंय, पुढचं सगळं त्याच्यासाठीच.

मी बेळगावात बोर्ड रंगवायला लागून ३८ वर्षं झाली. उस्तादांच्या हाताखाली शिकलो, ते कन्नड, मराठी, इंग्लिश तिन्ही एकाच हातानं लिहायचे, आपल्या सीमाभागात पेंटरला त्याशिवाय पोटच भरत नाही. मधे चार वर्षं मुंबईत होतो, लालबागला गाववाल्यांच्या खोलीवर राहायचो आणि बोर्डाची कामं करायचो, रोज लोकलनं ये-जा. तेव्हा खांबाखांबावरची पाटी बघायची सवय लागली ती अजून गेलेली नाही. रेल्वेत नोकरी नाही केली कधी, पण कंत्राटदाराच्या हाताखाली स्टेशनातली कामं केलीत, मिरज-लोंढा लाईन मीटर गेज होती तेव्हाची.

आधी एक फरक लक्षात घे. आपल्याकडं देसूर, गुंजी, नागरगाळी असल्या स्टेशनला प्लॅटफॉर्मच्या दोन्ही टोकांना दोन खांबांवर एक मोठी पाटी असते, वर कन्नड, मधे हिंदी, खाली इंग्लिश, आणि कोपऱ्यात समुद्रसपाटीपासूनची उंची. गाडी हळू हळू आत येते, ड्रायव्हरला दिसते, खिडकीत बसलेल्याला दिसते, काम झालं. मुंबईच्या लोकलला हे पुरत नाही. लोकल स्टेशनात अर्धा मिनिट सुद्धा थांबत नाही, दारात माणसं लोंबकळलेली, आतल्याला कुणाच्या तरी काखेतनं नाहीतर डोक्यावरनं हातभर जागा दिसते, तेवढ्यात नाव दिसलं पाहिजे. म्हणून तिथं टोकाची मोठी पाटी असतेच, शिवाय शेडखाली खांबावर, पुलाखाली, इंडिकेटरजवळ लहान लहान पाट्या परत परत. तुझ्या आजोबांना आठवणारी पाटी बहुतेक ही लहान, जवळनं बघितलेली आहे. त्यांना एकदा नीट विचार, टोकाची की खांबावरची, कारण दोन्हीचं माप वेगळं, अक्षराची जाडी वेगळी.

हा प्रश्न मुंबईचाच नाही हं. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९०८ साली लाल चकती आणि तिच्यावर निळी आडवी पट्टी आली ती ह्याच कारणानं, भिंतीवर जाहिराती एवढ्या की त्यात स्टेशनचं नाव कुठलं तेच प्रवाशाला सापडत नव्हतं. मग १९१६ ला एडवर्ड जॉन्स्टन ह्यांनी त्या रेल्वेसाठी खास अक्षरं काढून दिली. ते मुळात बोरूनं लिहिणारे सुलेखनवाले. त्यांचा ‘ओ’ जवळजवळ पूर्ण गोल आणि ‘आय’वरचा टिंब चौकोनी, तो सुद्धा कोनावर उभा केलेला, म्हणजे बोरू तिरका टेकवला की कागदावर जसा ठिपका उमटतो ना तसा. मला ते फार आवडतं, कारण मशीनच्या अक्षरात हाताची खूण राहिलीय. त्यांचेच शिष्य एरिक गिल, त्यांचं गिल सॅन्स १९२८ ला आलं आणि तिकडच्या एका मोठ्या रेल्वे कंपनीनं लगेच पुढच्या वर्षी उचललं. १९६५ ला सगळ्या ब्रिटिश रेल्वेसाठी जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट ह्यांनी नवीन अक्षरं केली. तिकडं असा एक फॉन्ट, एक साल, एक नाव सांगता येतं, आणि इंटरनेटवर ‘जुना रेल्वे फॉन्ट’ शोधलं की तेच सगळं समोर येतं. तुझ्या डिझाइनवाल्यानं इंग्लिशला तसलंच काहीतरी वापरलंय, तू पाठवलेल्या फोटोत दिसतंय मला. अक्षर सुंदर आहे, पण ते परळचं नव्हे.

आता देवनागरीकडं येऊ, कारण खरी गंमत तिथंच आहे. मुंबईच्या पाटीवर पहिली ओळ मराठी, दुसरी हिंदी, तिसरी इंग्लिश. पहिल्या दोन्ही देवनागरीच. बऱ्याच स्टेशनांना दोन्ही ओळी सारख्याच येतात, दादर आणि दादर. पण काही ठिकाणी नाव बदलतं आणि तिथं पाटी बघायला मजा येते. वांद्रे खाली बांद्रा, शीव खाली सायन, भायखळा खाली भायखला, चिंचपोकळी खाली चिंचपोकली. आणि तुझं परळ, त्याच्या खाली परेल. तुझ्या डिझाइनवाल्यानं दोन्ही ओळीत ‘परेल’ टाकलंय बघ, आजोबांना पहिला झटका तिथंच बसला असणार. पहिल्या ओळीत ळ पाहिजे. ळ आपला. कन्नडला ळ आहे, आपल्याला ळ आहे, त्यामुळं बेळगावच्या पेंटरच्या हातात तो बसलेला असतो. कॉम्प्युटरच्या बऱ्याच फॉन्टमधे मात्र ळ असा काढलेला असतो की जणू नाइलाजानं काढलाय, दोन गोळे बारके बारके आणि मान लांब.

दुसरी ओळ ‘परेल’. इथं ‘ल’ येतो. ल चे दोन प्रकार आहेत हे तुला शाळेत शिकवलं असेलच, एक आपला पाकळीचा ल आणि एक हिंदीतला दंडाचा ल. महाराष्ट्र सरकारनं २००९ साली वर्णमालेचा जीआर काढून मराठीसाठी पाकळीचा ल ठरवून दिला. फॉन्ट बनवणारे बहुतेक दंडाचा ल पुढं ठेवतात, आणि मराठी भाषा सिलेक्ट केली तरच काही फॉन्टमधे पाकळीचा ल येतो. आता नियमानं बघितलं तर ओळ हिंदीची, म्हणजे दंडाचा ल चालतो. पण मी मुंबईत ज्या हातानं रंगवलेल्या पाट्या डोळ्यांनी बघितल्या त्यात रंगवणारा हात मराठी असला की हिंदी ओळीत सुद्धा पाकळीचा ल सहज उतरायचा. माझं मत विचारशील तर तू पाकळीचाच कर, आजोबांच्या डोळ्यात तोच असणार. फोटो मिळाला आणि त्यात दंडाचा निघाला तर मात्र फोटोचं ऐक, माझं नको.

तू मंगल फॉन्ट चालेल का विचारलंयस. मंगल र. कृ. जोशी सरांनी केला, अक्षराच्या बाबतीत फार मोठा माणूस, पण मंगल हा स्क्रीनवर बारीक साइजमधे वाचता यावा म्हणून केलेला फॉन्ट आहे. तो चार फुटी पत्र्यावर मोठा केला की पातळ आणि पोकळ दिसतो, त्यात फॉन्टचा दोष नाही, कामच वेगळं. ‘एक टाइप’ ह्या फॉन्टवाल्यांचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट स्वच्छ आहे, मेनू कार्डाला जरूर वापर. पाटीला नको.

आता हाताशी येऊ. तुझी जागा चार फूट रुंद अडीच फूट उंच म्हणालास. बोर्डाच्या धंद्यात जुना हिशोब आहे, अक्षराची एक इंच उंची म्हणजे दहा फुटांवरनं आरामात वाचता येतं. तुझं हॉटेल २० फूट लांब, म्हणजे दोन इंची अक्षर सुद्धा पुरलं असतं, पण तुला नुसतं वाचायचं नाहीये, स्टेशनवर उभं राहिल्यासारखं वाटलं पाहिजे, म्हणून अक्षर मोठं घेऊ. ३० इंच उंचीची विभागणी मी अशी करीन. वर साडेतीन इंच मोकळी, मग ‘परळ’ साडेपाच इंच, मग साडेतीन इंच सोडायचे कारण त्यात ‘परेल’ची मात्रा बसणार आहे, मग ‘परेल’ साडेपाच, मग तीन इंच मोकळी, इंग्लिश पाच इंच, खाली चार इंच. बेरीज करून बघ. खालची मोकळी जागा वरच्यापेक्षा अर्धा इंच जास्त ठेवलीय ती मुद्दाम, दोन्ही सारख्या ठेवल्या तर मजकूर खाली घसरल्यासारखा दिसतो.

इंग्लिश पाच आणि देवनागरी साडेपाच का, तर देवनागरीचं अक्षर शिरोरेषेपासून खाली मोजायचं असतं. नवीन मुलं काय करतात, तीन सारखे पट्टे आखतात आणि मात्रा-वेलांटी-उकारासकट देवनागरी त्या पट्ट्यात कोंबतात, इंग्लिशची कॅपिटल मात्र पट्टाभर उंच. मग इंग्लिश ओरडतं आणि मराठी कुजबुजतं. तुझ्या डिझाइनमधे नेमकं हेच झालंय. ‘परळ’ला वर मात्रा नाही, खाली उकार नाही, नशीबवान शब्द आहे. ‘मुलुंड’ घेतला असतास तर वर अनुस्वार, खाली दोन उकार, तिथं पेंटरची खरी परीक्षा.

जाडी. उभ्या काठाची जाडी उंचीच्या साधारण सहावा भाग धर, म्हणजे साडेपाच इंचाला पाऊण ते एक इंच. शिरोरेषा त्याच्यापेक्षा थोडी बारीक ठेवायची. हे ऐकायला विचित्र वाटतं पण डोळा आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा जाड बघतो, दोन्ही मोजून सारख्या केल्या तर शिरोरेषा अक्षरावर दगडासारखी बसते. तसंच गोल अक्षर रेषेच्या किंचित बाहेर जायला पाहिजे. ‘ळ’चे गोळे खालच्या रेषेला नुसते टेकवलेस तर ळ लहान दिसणार, सुताभर खाली उतरव.

आता ‘परळ’ हा शब्द जवळनं बघ, तीनच अक्षरं आहेत पण त्यात सगळं शिक्षण आहे. ‘प’ला उजवीकडं सरळ काना, म्हणजे भिंत. त्याच्या शेजारी ‘र’, र चा वरचा गोल डावीकडं आणि पाय तिरका होऊन उजवीकडं खाली पळतो, त्यामुळं प चा काना आणि र चा पाय ह्यांच्यामधे खाली एक पांढरा, म्हणजे आपल्या पाटीत पिवळा, त्रिकोणी खड्डा पडतो. मग ‘ळ’, त्याची मान मधोमध बारीक आणि खाली दोन गोळे दोन्ही बाजूंना फुगलेले, म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंना वर मोकळं आणि खाली गच्च. आता र चा पाय उजवीकडं येतोय आणि ळ चा डावा गोळा डावीकडं येतोय, दोघं खाली एकमेकांना धडकतात, आणि वर शिरोरेषेखाली मोठं भगदाड. पट्टी लावून तिन्ही अक्षरांत सारखं अंतर ठेवलंस की शब्द ‘प’ एकीकडं आणि ‘रळ’ चिकटून असा वाचला जातो. माझे उस्ताद म्हणायचे की दोन अक्षरांच्या मधे पाणी ओतलं तर प्रत्येक फटीत सारखं पाणी मावलं पाहिजे, अंतर मोजू नकोस, पाणी मोज. मग काय करायचं, प आणि र जवळ घ्यायचे, र चा पाय जरा आखूड आणि जास्त उभा ठेवायचा, ळ ला श्वास घ्यायला जागा द्यायची. जुन्या पेंटरनं प्रत्येक पाटीवर हे केलेलं असतं आणि म्हणूनच प्रत्येक पाटीवरचा र वेगळा असतो. कॉम्प्युटर मात्र प्रत्येक शब्दात तोच र टाकतो.

इंग्लिशमधे सुद्धा हेच. पी, ए, आर, ई, एल. पी च्या पोटाखाली मोकळी जागा, ए ला उतार, म्हणून पी आणि ए अगदी जवळ सरकवायचे. आर आणि ई जवळ नाही घ्यायचे, तिथं अंतर पाहिजे. शेवटचा एल उजवीकडं रिकामा असतो, म्हणून सगळा शब्द टेपनं मधोमध आणून झाल्यावर पाव इंच उजवीकडं ढकल, तेव्हा तो डोळ्याला मधोमध दिसतो. आपल्याच स्टेशनचं उदाहरण घे, २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं इंग्लिश स्पेलिंग बदललं, पूर्वी सात अक्षरं होती ती आठ झाली, आणि त्यात एल नंतर ए आला, ए नंतर जी, परत ए, मग व्ही. एल आणि ए शेजारी आले की इंग्लिशमधलं सगळ्यात मोठं भोक पडतं, ए आणि व्ही तर एकमेकांत घुसवावेच लागतात. त्या वर्षी मी दुकानांचे बरेच बोर्ड बदलून दिले, प्रत्येक ठिकाणी ह्याच दोन जागांवर वेळ गेला. नावाबद्दल आपल्या लोकांच्या मनात काय आहे ते तुलाही माहीत, मलाही. पण पाटी रंगवायला घेतली की समोरचं अक्षर नीट काढायचं, मग ते कुठल्याही लिपीत असू दे, हे मी पाळत आलोय.

त्यावरनं आठवलं, ही पाटी आतल्या भिंतीवरच ठेव. बाहेरच्या दर्शनी बोर्डाला कर्नाटकात ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा २०२४ पासून आहे, तो बोर्ड वेगळा कर आणि तो पण चांगल्या हाताकडनंच करून घे. कन्नड अक्षर गोल, त्याला आपल्यासारखी सलग शिरोरेषा नाही, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर स्वतःचा तुरा असतो, तलेकट्टू म्हणतात. गोल असल्यामुळं सारख्या उंचीत कन्नड लहान दिसतं, म्हणून ते थोडं उंच काढावं लागतं. आणि जोडाक्षराचा दुसरा अर्धा खाली लटकतो, ओत्तक्षर. चिक्कोडी लिहायचं तर एक लटकन, हुब्बळ्ळी लिहायचं तर दोन. खाली जागा सोडली नाही की ते हिंदीच्या मात्रेत जाऊन घुसतं. घटप्रभा, रायबाग, चिक्कोडी रोड, ह्या लाईनवर जाताना खिडकीतनं ह्या नजरेनं पाट्या बघ एकदा, कुठल्या पेंटरला आधीच अंदाज होता आणि कुणाला शेवटी घाम फुटला ते ओळखता येतं.

नमुना कुठनं आणायचा. परळला कुणी नातेवाईक असेल तर जुने फोटो शोधायला सांग, गिरणीवाल्यांच्या घरी लग्नाच्या, गावी निघालेल्या माणसांच्या फोटोत मागं पाटी सापडते. लवकर शोध, कारण नावंच बदलत चाललीत. व्हीटीचं १९९६ ला सीएसटी झालं, २०१७ ला सीएसएमटी. परळच्या पुलावरनं पलीकडं उतरलं की एल्फिन्स्टन रोड होतं, त्याचं २०१८ ला प्रभादेवी झालं. नाव बदललं की पाटी उतरते आणि भंगारात जाते, तिच्याबरोबर ज्यानं काढली त्याचा हात पण जातो, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. जवळचं बघायचं असेल तर हुबळीला स्टेशनजवळ रेल्वे म्युझियम आहे, २०२० ला सुरू झालंय, जुन्या काळच्या रेल्वेच्या वस्तू आहेत, एक दिवस काढून जा आणि ओतीव अक्षरं दिसली की बोटं फिरवून बघ. फोटो काढताना अगदी समोरनं काढ, लांब उभा राहून झूम कर, जवळनं काढलास तर कडेची अक्षरं वाकतात. आणि कुणाला तरी पाटीशेजारी फूटपट्टी धरायला सांग, नाहीतर माप कळत नाही. स्टेशनात काढणार असशील तर आधी विचारून घे.

एक सावधगिरी. कुणी तुला खरी जुनी पाटी विकायला आणली तर दोन गोष्टी बघ. इनॅमलची असेल तर ती रंगवलेली नसते, पत्र्यावर काचेची पूड पसरून ८०० डिग्रीच्या आसपास भट्टीत भाजलेली असते, रंग नखानं खरवडत नाही, आणि दगड लागून टवका उडाला की तिथनं गंज फुलासारखा पसरतो. कडेच्या भोकांभोवती टवके नसतील आणि गंज सगळीकडं एकसारखा असेल तर ती नवीन करून जुनी केलेली आहे. आणि जुनी रंगवलेली असेल तर ती कोरडी घासू नकोस. जुन्या पिवळ्या रंगात शिसं असायचं. आता २०१७ पासून घरगुती रंगात शिसं दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही, पण जुन्या थरात आहेच. घासायचंच तर पाणी लावून घास, तोंडाला मास्क, आणि पोरंबाळं लांब.

आता तुझी नवीन पाटी. पत्रा जस्ती घेणार असशील तर थांब, हे मी पदरचे पैसे घालून शिकलोय. सुरवातीच्या काळात एका ऑफिसचा मोठा बोर्ड केला होता खानापूरकडं, नवा कोरा चकचकीत जस्ती पत्रा, त्यावर डायरेक्ट ऑइल पेंट मारला. बोर्ड असा दिसत होता की मी दोनदा मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो. एक पावसाळा गेला, आणि तिकडचा पाऊस तुला सांगायला नको, गणपतीच्या आधी रंग सालीसारखा निघायला लागला, हातानं ओढला तर आख्खं अक्षर हातात आलं. जस्ताची आणि तेलाच्या रंगाची रिअॅक्शन होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो, मग रंग धरतच नाही. सगळा बोर्ड उतरवून परत करून दिला, फुकट. जस्तीला आधी एचिंग प्रायमर, म्हणजे जस्ताला धरणारा पहिला थर लागतो, मग बाकीचं. साधा काळा लोखंडी पत्रा असेल तर गंज काढून रेड ऑक्साईड, मग लांबी म्हणजे पुट्टी, पॉलिश पेपर, परत प्रायमर, मग पिवळ्याचे दोन हात. तुझी पाटी आत आहे, पाऊस नाही, पण हॉटेलच्या स्वयंपाकघराची वाफ आणि तेल पावसापेक्षा बरं नसतं, तयारीत कंजुषी करू नकोस.

पिवळा लिंबासारखा नको, डब्यावर गोल्डन यलो लिहिलेला घे. जुना दिसावा म्हणून त्यात चहाचा रंग किंवा ब्राऊन मिसळू नकोस, हल्ली कॅफेवाले करतात तसं. तुझ्या आजोबांनी पाटी बघितली तेव्हा ती जुनी नव्हती, स्वच्छ पिवळी होती आणि तिच्यावर काळं कुळकुळीत अक्षर होतं. त्यांना ती तशीच दाखव.

अक्षर उतरवायची पद्धत. आधी बटर पेपरवर पूर्ण मापात काढ, पेन्सिलनं, खोडत खोडत. भिंतीवर चिकटवून हॉटेलच्या दारातनं बघ, मग कागद उलटा टांगून बघ. उलटं केलं की शब्द वाचता येत नाही, नुसते काळे आणि मोकळे आकार दिसतात, भोकं लगेच सापडतात. पाणी सारखं झालं की टाचणीनं अक्षराच्या कडेला भोकं पाड, कागद पत्र्यावर लाव, कोळशाची पूड फडक्याच्या पुरचुंडीत बांधून त्यावर थापट, पत्र्यावर ठिपक्यांची रेघ उमटते. आमच्यात हाच छापा. मग सूत मारून वरची खालची रेषा, आणि पाऊण इंची चपटा ब्रश. आधी उभे काने भर, मग गोल, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी एका दमात डावीकडनं उजवीकडं. शिरोरेषा आधी मारली की पुढचं प्रत्येक अक्षर तिला लटकवल्यासारखं येतं, शेवटी मारली की ती सगळ्यांना बांधते. हात थरथरतो म्हणून घाबरू नकोस, डाव्या हातात काठी धर, तिचं कापड बांधलेलं टोक पत्र्याला टेकव आणि उजवं मनगट तिच्यावर ठेव. मास्किंग टेप लावून कडा काढल्यास तर त्या ब्लेडनं कापल्यासारख्या येतील आणि सगळी मेहनत रेडियम कटिंगसारखी दिसेल. कडेला ब्रशचा सुताभर श्वास राहू दे.

खर्चाचं विचारलंयस, पत्रा आणि रंग एवढाच, मजुरी मी घेणार नाही. पण काढायचं तूच. बटर पेपरवरचं काम झालं की रविवारी सकाळी तिसऱ्या गेटाकडं घेऊन ये, आजोबांना पण घेऊन ये, र चा पाय किती आखूड करायचा ते त्यांच्यासमोर ठरवू आणि मगच भोकं पाडू.